नाल्याच्या पाण्यावरचा पालक

प्रश्न: आमचा मळा औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असून उन्हाळ्यात पालक, मेथी नाल्याच्या पाण्यावर काढावी लागते. वाफा सुकला की मातीवर करडी साय धरते. पिण्यासाठी विहिरीचे पाणी उकळतो. टीडीएस मीटर ३२० दाखवतो. एवढी काळजी पुरेशी आहे का?

उत्तर १: नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू मात्र पाण्यातच राहतात. मीटर लिटरमागे एकूण विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये दाखवतो, आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून येऊ शकणाऱ्या कॅडमियम या विषारी धातूची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे. ते ३२० च्या आकड्यात दिसणार कसे? धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडून वेगळी मागून घ्यावी.

उत्तर २: मला पाण्याहून पालकाची चिंता अधिक वाटते, कारण पालेभाज्या कॅडमियम मुळांवाटे पानांत ओढून घेतात आणि ते धुऊन जात नाही. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतले कॅडमियम जिंझू नदीवाटे भातखाचरांत साठले, आणि तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची, विशेषतः उतारवयातील स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडून हाडे ठिसूळ झाली. रुग्णांच्या कण्हण्यावरून रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे पडले. १९६८ मध्ये तेथील सरकारने तो प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मातीचा नमुनाही देतो. उभा पालक नांगरून टाकावा काय?

उत्तर २: नांगरू नये, पानांतला धातू पुन्हा त्याच मातीत जाईल. अहवाल येईपर्यंत बाजारात नेऊ नये आणि गुरांनाही घालू नये.