बर्लिनला येताय तर किटा (तिथलं पाळणाघर-बालवाडी) आत्तापासूनच बघा
नोकरीवर जॉइन झाल्यावर निवांत किटा शोधू म्हणताय, तर अजिबात थांबू नका, पत्त्याची नोंदणी झाली की लगेच युगेंडआम्टकडे (मुलं-तरुणांसाठीचं सरकारी कार्यालय) किटा-गुटशाइनचा, म्हणजे किटाच्या जागेसाठी लागणाऱ्या सरकारी व्हाउचरचा, अर्ज टाका. 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे खरा, पण घराजवळ मिळेलच असं नाही, म्हणून ईमेलवर थांबू नका, किटांना फोन करा, आणि टागेसमुटरचाही, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या बाईंचाही विचार करा, त्या घरी फार तर पाच मुलं सांभाळतात, तिथेही गुटशाइन चालतं.

आणि आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला किटाची हळूहळू सवय लावायचा काळ, हिशोबात धरा हो! पहिल्याच दिवशी मूल सोडून ऑफिसला जाता येत नाही, आई किंवा बाबांनी कोपऱ्यात बसून राहायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं करत काही आठवडे जातात. आमची लेक तिथल्या ताईंच्या मांडीवर बसून पास्ता खायला लागली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा.

मदतीला सासूबाईंना बोलवायचं म्हणताय, पण व्हिजिटर व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, ते पहिल्या हिवाळ्यासाठी राखा, तेव्हा मुलं सारखी सर्दी-ताप घेऊन घरी येतात.