मदत हवी आहे : कलाकेंद्राच्या अंगणात बांबूचा मांडव

नमस्कार मंडळी. आमच्या शहरातल्या एका कलाकेंद्राने बाहेरचं अंगण जागतं करण्यासाठी डिझाइन स्पर्धा ठेवली आहे. आम्ही तिघी मैत्रिणी भाग घेतोय. काल भर दुपारी तिथे गेलो. शहाबादी फरशी नुसती चटके देत होती. तालमीला आलेली मुलं जिन्याखालच्या हातभर सावलीत दाटीवाटीने डबे खात होती. तेव्हाच ठरलं, आधी सावली.

न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंस्थेच्या अंगणासाठी अशी स्पर्धा वर्षानुवर्षं व्हायची. सावली, बसायला जागा आणि पाणी या तिथल्या अटी. २०१४ साली मक्याची धाटं आणि बुरशीच्या तंतूंपासून वाढवलेल्या विटांचे मनोरे उभारले होते, नंतर त्या विटांचं खत केलं. आम्हालाही असंच, काम झाल्यावर मातीत मिसळणारं काहीतरी करायचंय.

अडचण अशी की फरशी फोडायला परवानगी नाही. मग वळवाच्या वाऱ्यात मांडव धरून कसा ठेवायचा? वाळूची पोती पुरतील का? बांबू माणगा घ्यावा की मेस? भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात भिजवलेल्या बांबूचं पुढे खत करता येतं का? कुणी स्वतः असा मांडव उभारला असेल तर कृपया सविस्तर सांगा.