त्या दोन इटालियन मरीन्सना पहिल्याच आठवड्यात सोडायला हवं होतं?

किनारा
परवा एक पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं: वर्दीतला सैनिक परक्या देशाच्या कोठडीत जाताच कामा नये. 2012 मध्ये भारताने 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलजहाजावरचे दोन मरीन (इटलीच्या नौदलाचे सैनिक) अडकवून ठेवले, इटलीशी वैर घेतलं आणि 2020 मध्ये हेगच्या लवादापुढे तोंडघशी पडला. पहिल्याच आठवड्यात सोडून मोकळं व्हायला हवं होतं. खाली लोकांनी भराभर सहमती दिलेली.

त्या अख्ख्या पोस्टमध्ये 'मच्छीमार' हा शब्द एकदाच आहे, तोही कंसात. 15 फेब्रुवारी 2012, दुपारी साडेचारच्या सुमारास, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण 20 सागरी मैलांवर 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीतले दोघे 'एन्रिका लेक्सी'वरून आलेल्या गोळ्या लागून मेले. बोटीत एकूण अकरा जण होते. बाकीचे झोपलेले. रात्रभर जाळी टाकणारे लोक दुपारी झोपतात हो! सुकाणूवर एक जण असतो. मेलेल्या दोघांतला एक तोच.

माझे वडील नाखवा होते. आमच्या बोटीसमोरून रात्री मोठी जहाजं जायची तेव्हा ते कंदील हलवून ओरडायचे, कारण दुसरं काही हातात नसायचं. एकदा एका जहाजाने आमची सगळी जाळी फाडून नेली, थांबलंसुद्धा नाही. तेव्हा जाळीच गेली, माणसं वाचली. म्हणून मला हा प्रश्न 'दोन देशांतला तणाव' एवढाच दिसत नाही. माणसं मेल्यावर अटक करायची नाही, तर कधी करायची?

निवृत्त सुभेदार
ती पोस्ट माझी नाही, पण मुद्दा मला पटतो, म्हणून लिहितो.

मी काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर होतो. एका रात्री आमच्या चौकीजवळ गोळीबार झाला. सकाळी गावकरी जमले, म्हणाले तुमच्या माणसांनी आमचा एक मारला. गोळी आमची नव्हती, हे सिद्ध व्हायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत तिथल्या पोलिसांनी माझ्या दोन पोरांना नेलं असतं तर? नेता आलं नाही, कारण मोहिमेच्या करारात लिहिलेलं होतं की आमच्यावरचा खटला आमचाच देश चालवील. त्या कागदाची किंमत घरी बसून कळत नाही.

2007 मध्ये इराणने 15 ब्रिटिश नौसैनिक पकडले, 13 दिवस ठेवले, कॅमेऱ्यासमोर कबुल्या वदवून घेतल्या आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांनी 'ब्रिटिश जनतेला भेट' म्हणून सोडले. आपणही सैनिक धरून ठेवायला लागलो तर उद्या आपल्या पोरांबाबत कोणत्या तोंडाने बोलणार?

किनारा
सुभेदारसाहेब, इराणशी तुलना करू नका. तिथे कोणी मेलं नव्हतं. भांडण होतं समुद्रातल्या रेषेचं, आणि शत्त-अल-अरब नदीच्या मुखाबाहेर ती रेषा इराण आणि इराकने मिळून कधी आखलेलीच नव्हती. इथे दोन प्रेतं होती. आपल्या कोर्टांनी त्या दोघांना जामीन दिला, नाताळला घरी पाठवलं, इटलीतल्या मतदानासाठी पुन्हा पाठवलं. कोणता देश ओलिसांना मतदानाला सोडतो?

चीफमेट
जहाजावर उभं राहिलेला या धाग्यात कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो. 2011 मध्ये मी एका टँकरवर चीफ ऑफिसर होतो, चार ते आठची वॉच (पहाऱ्याची पाळी) माझी. सोमाली चाचे तेव्हा लक्षद्वीपपर्यंत येत होते. जहाजाला कडेने काटेरी तारा, आगीचे पाइप रात्रंदिवस चालू. रडारवर लहान बोट दिसली की पोटात गोळा यायचा. लाकडी बोट रडारवर धड दिसत नाही, जहाजाची ओळख आणि जागा कळवणारं एआयएस यंत्र नसतं, आणि मच्छीमार जाळी वाचवायला सरळ जहाजाच्या नाकासमोर येतात. त्यांना वाटतं आपण हात करतोय, ब्रिजवरच्याला (जहाज हाकणाऱ्याला) वाटतं हल्ला होतोय.

या गोंधळाचं मूळ कागदावर आहे. 2010 च्या सुमारास जहाज कंपन्यांच्या संघटनांनी 'हाय रिस्क एरिया'ची पूर्वेची हद्द 78 अंश रेखांशावर नेली. नकाशा काढून बघा, केरळचा अख्खा किनारा चाचेगिरीच्या पट्ट्यात गेला! विम्याचे दर चढले, सशस्त्र पहारेकरी आले, आणि ज्या पाण्यात हजारो मच्छीमार असतात तिथे बंदूकधारी माणूस संशयाने बघायला लागला. भारत ओरडत राहिला. हद्द 65 अंशांवर मागे आली ती डिसेंबर 2015 मध्ये.

किनारा
म्हणजे भीती वाटली की गोळी घालायची परवानगी?

चीफमेट
असं मी कुठे म्हटलं? पाण्यात इशाऱ्याची फैर, भोंगा, प्रकाशझोत, वेग वाढवणं, वळणं, या सगळ्या पायऱ्या असतात. दिवसाढवळ्या माणूस मरेपर्यंत जाणं ही चूकच. मी इतकंच सांगतोय की दोन मरीन पकडून ती रेषा हलत नव्हती. आपण तीन वर्षं कोर्टाच्या तारखा मोजल्या, आणि तेवढा काळ प्रत्येक मच्छीमार त्याच धोक्यात वावरत होता. त्यावर कोणी पोस्ट लिहिली?

कलम-परिच्छेद
रेखांशाचं पुरे. मूळ प्रश्न कायद्याचा आहे आणि दोन्ही बाजू अर्धंच सांगतायत.

हेगच्या लवादाच्या निकालात चार गोष्टी आहेत. एक, भारताने जहाज कोचीला बोलावलं यात समुद्री कायद्याचा भंग नव्हता. दोन, 'सेंट अँटनी'च्या वाटेत आडवं येऊन इटलीने भारताच्या नौकानयनाच्या स्वातंत्र्याचा भंग केला, सबब भरपाई द्यावी. तीन, ते दोघे इटलीचे सरकारी नोकर म्हणून काम करत होते, त्यामुळे भारतात खटला चालणार नाही. हा भाग तीन विरुद्ध दोन मतांनी झाला. पाचातले दोघे तुमच्या बाजूचे होते, किनारा, त्यामुळे 'तोंडघशी' हा शब्द चूक. चार, फौजदारी तपास पुन्हा सुरू करू, ही इटलीची हमी लवादाने नोंदवून घेतली.

मला खटकतं ते वेगळंच. 11 मार्च 2013 ला इटलीने सांगितलं की मतदानाला गेलेले परत येणार नाहीत. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने इटलीच्या राजदूतालाच देश सोडायला बंदी केली. राजदूताला कोणत्याही प्रकारे अटकाव करता येत नाही, हा राजनैतिक संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराचा पाया आहे. तो पाया आपण हलवला.

किनारा
राजदूताने स्वतः सर्वोच्च न्यायालयाला लेखी हमी दिली होती की मी त्यांना परत आणतो! हमी देताना कोर्ट चालतं आणि मोडताना राजदूत होतो? आणि त्या बंदीमुळेच 22 मार्चला दोघे परत आले. त्यावर नाराज होऊन इटलीच्या परराष्ट्रमंत्र्याने राजीनामा दिला.

कलम-परिच्छेद
उपयोग झाला म्हणून बरोबर ठरतं का? उद्या आपल्या राजदूताला कोणी विमानतळावर अडवलं तर तुम्हीच पहिल्या ओरडाल.

निवृत्त सुभेदार
मॅडम, तुम्ही भावनेवर बोलताय.

किनारा
आणि तुम्ही काँगोची गोष्ट कशावर सांगितलीत? तुमची पोरं ती पोरं, आणि आमची बोटीवरची ती भावना? तुमच्याकडे निदान करार होता, गावकऱ्यांना दाद मागायला ठरलेली जागा होती. ते मरीन तर खासगी तेलजहाजावर होते, मालकांनी इटलीच्या नौदलाला पैसे भरून घेतलेले. त्यांच्याबाबत भारताशी कसला करार होता?

निवृत्त सुभेदार
आवाज चढवू नका. मेलेल्यांचं मला दुःख नाही असं समजू नका. मी माणसं उचलून आणलेली आहेत.

खासगी जहाजाचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. युद्धनौका असती तर प्रश्नच नव्हता. 2018 मध्ये रशियाने केर्चजवळ युक्रेनचे 24 नौसैनिक पकडले, पुढच्या मे महिन्यात समुद्री कायद्याच्या न्यायाधिकरणाने त्यांना सोडायला सांगितलं. पण ती नौदलाची जहाजं होती. तेलजहाजावरचा पहारेकरी आणि युद्धनौकेवरचा नौसैनिक यांना एकाच मापाने मोजणं मलाही जड जातं.

चीफमेट
एक विचारतो. खटला चालवायचाच होता, तर चालवला का नाही? आधी केरळ पोलीस, मग जानेवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अधिकार केंद्राचा, मग केंद्राची तपास संस्था एनआयए, मग फाशीची तरतूद असलेला चाचेगिरीविरोधी कायदा लावायचा की नाही यावर वर्ष गेलं, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये तो सोडून दिला. आरोप निश्चित झालेच नाहीत. एक जण आजारपणामुळे 2014 मध्ये गेला, दुसरा 2016 मध्ये.

किनारा
याला उत्तर नाही माझ्याकडे. हे मान्य करताना त्रास होतोय, पण करते. अटक बरोबर होती असं मी आजही म्हणेन, पण खटला उभा न करता एकाला अडीच आणि दुसऱ्याला चार वर्षं अडकवून ठेवणं ही शिक्षाही नाही आणि न्यायही नाही. त्यात त्या दोन घरांचंही काही झालं नाही.

पण मग 'सोडून द्यायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. इटलीने दहा कोटी भरले, त्यातले चार-चार कोटी दोन घरांना, दोन कोटी बोटमालकाला. जून 2021 मध्ये आपल्याकडची केस बंद झाली. तपास तिकडे होईल असं ठरलं होतं, आणि 2022 मध्ये रोममधल्या न्यायालयाने तीही फाइल मिटवली. गोळी कोणी झाडली, का झाडली, हे एकाही कोर्टात साक्षी-पुराव्याने तपासलं गेलं नाही.

निवृत्त सुभेदार
रोमचं मला माहीत नव्हतं. आमच्या पलटणीत गोळी सुटली की दुसऱ्या दिवशी चौकशी बसायची, आणि त्या गावकऱ्यांसमोर बसायची. ती बसणार नसेल तर माझ्या कागदाला अर्थ नाही, एवढं लिहून ठेवतो. राजदूताबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

किनारा
नका होऊ. मीही नाही.