मदत हवी आहे: आईबाबांना लक्षद्वीप क्रूझला न्यायचंय, केबिन कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने मुंबईहून लक्षद्वीपला जायचा विचार आहे. आईला गाडी लागते, त्यामुळे सगळं अडलंय ते केबिनवर. जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात. पण बाल्कनीच्या केबिन वरच्या डेकवर, आणि बाबांना सकाळचा चहा घेऊन समुद्राकडे बघत बसायचंय. बिनखिडकीची केबिन स्वस्त पडते, पण त्यांना तिथे ठेवायला मन धजत नाही. खालच्या डेकवरची खिडकीवाली घेऊ का?

दुसरं म्हणजे, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. आईचे गुडघे दुखतात. हलत्या बोटीत पाय टाकताना हात धरायला माणसं असतात का? सत्तरीच्या कुणाला घेऊन गेला असाल तर अगदी सविस्तर लिहा, प्लीज. तिला तिथल्या वाळूत चालायची फार हौस आहे.

जाहिरातीतल्या भाड्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी वगैरे चढतात, तो हिशोब धरलाय. पण एजंटकडून बुकिंग केलं तर केबिन नंबर आपल्याला निवडता येतो का? आम्हाला दोन केबिन शेजारशेजारच्या हव्यात. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगावी लागते का? आणि पुण्याहून त्याच दिवशी पहाटे निघावं, की आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा?