सर्वश्रेष्ठ चित्रपट : तुमच्या यादीतले नाव केव्हा बदलले?

धागाकर्ता

जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, या प्रश्नावर याद्या पुष्कळ झाल्या आहेत. या धाग्यात यादी नको आहे. तुमच्या यादीत एखादे नाव शिरले किंवा तिच्यातून खोडले गेले, तो प्रसंग हवा आहे. वादात तुम्ही हरला असाल, तोंडघशी पडला असाल किंवा पंधरा वर्षांनी तोच चित्रपट पाहून तुमचे मत फिरले असेल, तर ते अवश्य लिहा; मात्र पडद्यावरची नेमकी कोणती गोष्ट पाहून मत फिरले, तेही त्यात यावे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण माझा अपराध जुना आहे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेत आले आहे. पहिल्या कौलात व्हित्तोरिओ द सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' अग्रस्थानी आला, तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता. त्यानंतर 1962 ते 2002 असे सलग पाच कौल ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'ने जिंकले. महाविद्यालयात असताना आम्ही काही मित्रमैत्रिणींनी आपापली दहा नावे कागदावर उतरवायचे ठरवले आणि मी सर्वांत वर, ठसठशीत अक्षरांत, 'सिटिझन केन' लिहिले. तो मी पाहिलेला नव्हता. एका मैत्रिणीने सहज विचारले, "त्यातला न्याहारीच्या टेबलाचा प्रसंग कसा वाटला?" मी "अप्रतिम" म्हणालो आणि विषय बदलला. तिने तो बदलू दिला, हे तिचे सौजन्य.

पुढे दोन वर्षांनी चित्रपट पाहिला तो जवळजवळ केवळ त्या टेबलासाठी. नवविवाहित केन आणि एमिली आरंभी अगदी जवळ बसून एकमेकांशी लाडिकपणे बोलतात. मग कॅमेरा झर्रकन एकीकडून दुसरीकडे फिरतो, कपडे बदललेले असतात, आवाजाची पट्टी चढलेली असते, आणि असे पाच-सहा वेळा झाल्यावर दोघे लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना मुकाट्याने बसलेले दिसतात. एमिलीच्या हातात नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वृत्तपत्र असते. एक अख्खा संसार दोन-अडीच मिनिटांत विस्कटतो, आणि विस्कटला असे कोणी म्हणतसुद्धा नाही. त्या दिवसापासून ते नाव माझ्या यादीत खऱ्या अर्थाने आले, पण पहिल्या क्रमांकावर नव्हे.

या कौलात प्रत्येक समीक्षक दहा नावे देतो, त्यांचा क्रम मोजला जात नाही आणि प्रत्येक नावाला एकच मत मिळते, हेही वाद घालण्यापूर्वी लक्षात घेतलेले बरे. पहिला आलेला चित्रपट सर्वाधिक लोकांना सर्वश्रेष्ठ वाटला असे त्यातून सिद्ध होत नाही. तो सर्वाधिक लोकांच्या दहांत बसला एवढेच सिद्ध होते. सगळ्यांच्या मनात सातवा असलेला चित्रपटही अशा मोजणीत पहिला येऊ शकतो.

रीळवाला

मी काही वर्षे एका चित्रपट संग्रहालयात प्रोजेक्टर चालवण्याचे काम केले आहे, त्यामुळे "हा चित्रपट श्रेष्ठ आहे" असे कोणी म्हणाले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : यांनी पाहिली ती प्रत कोणती?

कार्ल द्रेयर यांचा 1928 चा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' घ्या. त्याची मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेच्या आगीत गेली. द्रेयर यांनी न वापरलेले शॉट जोडून दुसरी आवृत्ती उभी केली, तर तीही आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. त्यानंतरची कित्येक दशके लोक कापलेल्या, जोडलेल्या, अंगावर चरे पडलेल्या प्रती पाहत राहिले आणि त्यांच्याच जोरावर हा चित्रपट 1952 आणि 1972 या दोन्ही कौलांत पहिल्या दहांत आला. मूळ आवृत्तीची प्रत सापडली ती 1981 मध्ये, ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात. एरिक फॉन श्ट्रोहाइम यांच्या 'ग्रीड'ची कथा याहून विचित्र आहे. तो आरंभी आठ तासांच्या आसपास होता, निर्मात्यांनी त्याचे दोन-सव्वादोन तास शिल्लक ठेवले, बाकीचे कायमचे नष्ट झाले. आणि उरलेला तुकडा 1952 मध्ये पहिल्या दहांत आला. वेल्स यांच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधूनही चाळीसहून अधिक मिनिटे कापली गेली होती, तरी 1972 आणि 1982 मध्ये त्याला तोच मान मिळाला. उरलेले पाहून लोकांनी गेलेल्याला मत दिले, असे मला कधीकधी वाटते.

आता माझी चूक सांगतो. 'जोन ऑफ आर्क'चा एक खेळ मी सेकंदाला 24 चौकटी या वेगाने लावला, कारण यंत्र बोलपटांच्या वेगावर होते आणि ते बदलण्याचे माझ्या ध्यानात आले नाही. मूकपटांना एकच ठरलेला वेग नसे, आणि या चित्रपटाच्या योग्य वेगाबद्दल जाणकारांत आजही मतभेद आहेत. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांच्या सांगण्यावरून तोच चित्रपट 20 चौकटींवर लावला, तेव्हा तो सुमारे सोळा मिनिटांनी लांबला. पहिल्या खेळाला जोनच्या डोळ्यांतले पाणी केवळ दिसले होते. दुसऱ्या खेळाला ते पापणीच्या काठावर थांबलेले, मग गालावरून उतरताना दिसले. पहिल्या खेळाला शेवटच्या रांगेतून एक-दोनदा हसू ऐकू आले होते. त्या प्रेक्षकांनी बाहेर जाऊन "अतिशयोक्त अभिनय" असे मत दिले असेल, तर त्याची निम्मी जबाबदारी माझी आहे.

मागची रांग

रीळवाला यांनी प्रतीचा प्रश्न काढला, मी आठवणीचा काढतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांचा 1958 चा 'व्हर्टिगो' हक्कांच्या व्यवहारामुळे जवळजवळ दशकभर प्रदर्शनातून बाहेर होता. तो पुन्हा पडद्यावर आला 1983-84 च्या सुमारास. तरी 1982 च्या कौलात तो प्रथमच पहिल्या दहांत शिरला आणि तेथूनच त्याची 2012 च्या अग्रस्थानाकडे वाटचाल सुरू झाली. त्या वर्षी मत देणाऱ्यांपैकी अनेकांनी ते आठवणीच्या भरवशावरच दिले असणार.

आठवण काय करते ते मी स्वतः भोगले आहे. 'बायसिकल थीव्ह्ज' माझ्या मते सर्वश्रेष्ठ, आणि का, तर त्याच्या शेवटामुळे, असे मी बारा वर्षे प्रत्येक वादात ठासून सांगत आलो. माझे म्हणणे असे असे की सायकल चोरताना पकडला गेलेला, चारचौघांत अपमानित झालेला बाप अखेर आपल्या मुलाचा हात हातात घेतो, आणि सर्वस्व गेल्यानंतरही बाप बाप राहतो. हे मी इतक्यांदा बोललो होतो की ते दृश्य मला डोळे मिटूनही दिसत असे. एकदा एका मित्राने वाद मिटवण्यासाठी शेवटची पाच मिनिटे लावली. लहानगा ब्रूनो रडत रडत बापाची खाली पडलेली टोपी उचलतो, तिच्यावरची धूळ झटकतो. दोघे गर्दीतून चालू लागतात. बापाला रडू आवरत नाही, आणि मग मुलगा वर पाहतो आणि आपला हात बापाच्या हातात देतो. हात मुलाने पुढे केलेला आहे.

मित्र काही बोलला नाही. मी मात्र बारा वर्षे एका वेगळ्याच चित्रपटाची वकिली करीत होतो, आणि तो माझ्या डोक्यातला चित्रपट खऱ्यापेक्षा बराच सामान्य होता. यादीतले नाव तेच राहिले, पण ते ठेवण्याचे कारण उलटे झाले.

शेंडेफळ

2022 च्या कौलात शांताल अकरमन यांचा 'जान दिएलमान' पहिला आला, तेव्हा रागावलेल्यांत मीही होतो. स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट त्यापूर्वी कधी पहिल्या दहांतही आलेला नव्हता आणि हा एकदम अग्रस्थानी गेला. मतदारांची संख्या 2012 मधील 846 वरून 1,639 झाली होती, त्यामुळे "मतदार बदलले म्हणून निकाल बदलला" असे मी सर्वांना ऐकवत होतो. (आधीचे मतदार निवडतानाही कोणीतरी कोणाला तरी वगळलेच होते, हे तेव्हा मला सुचले नाही.) मी तो चित्रपट पाहिला होता, हे माझे मुख्य शस्त्र. 201 मिनिटे, एक विधवा, तिचे घर, तीन दिवस, जागचा न हलणारा कॅमेरा आणि बटाटे सोलणे. यात पाहण्यासारखे काय आहे?

माझी मोठी बहीण म्हणाली, "चल, पुन्हा पाहू. यावेळी घड्याळ काढून ठेव." तिच्या सांगण्यावरून पहिल्या दिवसाचे काम मी नीट पाहिले. खोलीतून बाहेर पडताना जान दिवा मालवते, प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवते, पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकते आणि झाकण लावते. एक तास हे पाहिल्यावर तिची शिस्त आपल्या अंगात मुरते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ती ते पातेले हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाते, काय करावे हे तिला कळत नाही, आणि त्या क्षणी मी खुर्चीच्या कडेला सरकलो होतो. मग ताई हळूच म्हणाली, "झाकण." सुपाच्या भांड्याचे झाकण उघडे राहिले होते. पहिल्यांदा पाहताना मला ते दिसलेच नव्हते.

'जान दिएलमान' जगातला पहिल्या क्रमांकाचा चित्रपट आहे असे मी आजही म्हणणार नाही. पण एका उघड्या झाकणाने दरदरून घाम फोडणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही, आणि तो कंटाळवाणा असल्याचे माझे मत मी रीतसर मागे घेतो.

उशिरा आलेला

माझा अनुभव छोटा आहे. 'द शॉशँक रिडेम्प्शन' मी आठ-नऊ वेळा पाहिला आणि एकदाही सुरुवातीपासून पाहिला नाही. वाहिन्या बदलताना तो मध्येच लागलेला असे आणि मग रिमोट खाली ठेवावा लागे. 1994 मध्ये तो तिकीटबारीवर आपटला, ऑस्करची सात नामांकने मिळवून एकही बाहुली घरी नेऊ शकला नाही, आणि आज प्रेक्षकांच्या गुणांवर चालणाऱ्या सर्वांत मोठ्या यादीत तो वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. समीक्षकांच्या याद्यांत त्याचे नाव सहसा दिसत नाही, म्हणून मीही चारचौघांत ते घेत नसे. एकदा एका चर्चेत मी तीन मोठ्या दिग्दर्शकांची नावे घेतली, तर शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "यांतला कोणता तुम्ही गेल्या पाच वर्षांत पाहिला?" एकही नाही. श्रेष्ठ चित्रपट आणि पुन्हा पाहिला जाणारा चित्रपट या दोन वेगळ्या याद्या आहेत, असे मी त्यांना उत्तर दिले. ते सुटकेसाठी दिलेले उत्तर होते, हे त्यांनाही कळले असावे.

निवृत्त

वरचे सर्व अनुभव वाचले. माझ्या बाबतीत प्रत तीच होती, आठवणही बऱ्यापैकी शाबूत होती. बदलले ते वय.

यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' मी पंचविशीत पाहिला. 1953 चा हा चित्रपट 2012 मध्ये दिग्दर्शकांच्या स्वतंत्र कौलात पहिला आला. गावाकडचे वृद्ध आईवडील शहरात स्थिरावलेल्या मुलांना भेटायला येतात, मुलांना वेळ नसतो, ते परत जातात आणि आई मरते, कथा एवढीच. त्या वयात मला त्याची बांधणी आवडली, जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्याबद्दल मी मित्रांना बरेच सांगितले, पण माणसांची विभागणी सोपी वाटली. विधवा सून चांगली, मुले स्वार्थी. त्यातही केशभूषेचे दुकान चालवणारी मोठी मुलगी शिगे तर अगदी खलनायिका. आईची प्रकृती गंभीर असल्याचे कळताच प्रवासाला निघण्यापूर्वी सुतकाचे कपडे बरोबर घ्यावेत का, हे ती भावाशी बोलते; आणि अंत्यविधीनंतर सर्व जेवायला बसलेले असताना आईचे अमुक वस्त्र आठवण म्हणून मला हवे, असे सांगून मोकळी होते. लेखकाने हे पात्र फार ढोबळ केले आहे, असे मी तेव्हा एका टिपणात लिहिले होते.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि आई जाऊन चार महिने झाले होते. यावेळी मला दिसले की त्याच शिगेने आई गेल्यावर सर्वांआधी आणि सर्वांत मोठ्याने हंबरडा फोडलेला आहे, आणि काही वेळाने वस्त्र मागतानाही तिच्या आवाजात कावा नाही. तिच्या डोक्यात परतीची गाडी आहे, दुकान आहे, उद्याची कामे आहेत. रडणे खरे आहे आणि मागणेही खरे आहे. ओझू यांनी तिला शिक्षा केलेली नाही की कॅमेरा तिच्याजवळ नेऊन तिच्याकडे बोट दाखवलेले नाही. बाकीचे जितके दिसतात तितकीच तीही दिसते.

पंचविशीतले ते टिपण मी नंतर शोधून काढले. ते होते त्याच फाइलीत, आईच्या कपाटातल्या वस्तूंपैकी कोणी काय घ्यायचे याची यादी ठेवलेली होती. ती यादी माझ्या हस्ताक्षरातली होती, आणि तिच्यावरची तारीख आई गेल्यानंतरच्या सहाव्या दिवसाची होती.