शब्दचर्चा: खच्ची, अख्ता की अंडील? आणि शिंगराला कधी करायचं?

नमस्कार मंडळी, विचारायचंय शब्दांबद्दलच पण मागे खरी अडचण आहे म्हणून दोन्ही लिहितो. आमच्याकडे मारवाडी जातीचं नर शिंगरू आहे, सव्वा वर्षाचं. दिवाळीपासून त्याचं वागणं बदललंय, शेजारची घोडी दिसली की मान कमान करून किंचाळल्यासारखं खिंकाळतं, तिनं मुतलेल्या जागी नाक लावून वरचा ओठ उलटा वळवतं, दुसऱ्याच्या लिदीवर जाऊन स्वतःची लीद टाकतं, आणि मोरकी धरणाऱ्याच्या दंडाला दात लावायला बघतं. डॉक्टर म्हणाले खच्ची करून घ्या. वडील म्हणतात दोन दात येऊ दे, बैलाला आपण तसंच करतो. आई म्हणते तो शब्दच काढू नका, जनावराचा जोम मारून काय मिळणार. तर खच्ची, अख्ता, बडवणे, ठेचणे यातलं घोड्याला नेमकं कुठलं? आणि ज्याचं केलेलं नाही त्याला वळूच म्हणायचं ना?

---

दादा, वळू नको. वळू गाईंवर सोडलेला. घोड्यात ज्याचं केलेलं नाही तो अंडील, आणि केलेला तो अख्ता. अख्ता फारसीतून आलाय, घोडदळाबरोबर आला आणि तबेल्यातच राहिला. मुघलांकडे अख्तबेगी नावाचा हुद्दाच होता, घोड्यांची देखरेख करणारा. मी घोड्याबद्दल बोलताना कायम अख्ताच म्हणतो आणि तुम्हीही म्हणा असं सांगेन, कारण खच्ची शब्दाचं आता वेगळंच झालंय. तो मूळचा चांगला कामाचा शब्द, खस्सीचाच भाऊ दिसतो, बकऱ्याला आपण अजून खस्सी म्हणतोच. पण आता पेपर उघडला की कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, मुलांचं खच्चीकरण, सगळीकडे अर्थ एकच, उमेद मारणं. तुमच्या आईच्या मनात जे आलं ते या अर्थामुळेच आलं, त्यांचं काही चुकलं नाही. फक्त घोड्याच्या बाबतीत तसं होत नाही. फार लॅप नावाचा घोडा अख्ता होता, ऑस्ट्रेलियातली मोठी शर्यत मेलबर्न कप त्यानं 1930 ला जिंकली. रेड रम अख्ता होता, इंग्लंडची ग्रँड नॅशनल, सात किलोमीटरच्या आसपासची, उंच कुंपणांवरून उड्या मारत जायची शर्यत, 1973, 1974 आणि 1977 अशी तीनदा त्याच्या नावावर आहे. जोम जात नाही, लक्ष घोडीवरून निघून कामावर येतं.

बडवणे आणि ठेचणे हे बैलाचेच शब्द आणि ते अगदी अक्षरशः खरे आहेत, पूर्वी वृषणाची शीर लाकडात धरून ठेचायचे, फार वाईट प्रकार होता. आता बैलाला बर्डिझोचा चिमटा लावतात, वरून कातडी न कापता आतली शीर दाबली जाते. घोड्याला तसं करत नाहीत, तिथं डॉक्टर कातडी उघडून दोन्ही वृषण काढून टाकतात. म्हणून घोडा बडवला हे कानाला खटकतं ते बरोबरच आहे.

आता वडिलांचं म्हणणं. खोंडाला थांबायचं कारण असतं, वशिंड चढायला हवं, मान भरायला हवी, त्याच मानेवर जू येणार असतं, म्हणून दुसा, म्हणजे दोन दाती, होईपर्यंत थांबायची रीत पडली. घोड्याला ते कारणच लागू नाही. शिवाय घोड्याचे पहिले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या आसपास येतात, आणि शिंगरू दीड वर्षाच्या आतही घोडी गाभण ठेवू शकतं. दोन दात बघत बसलात तर मधलं वर्षभर तुम्ही एक अंडील घोडा सांभाळत असणार, पुढच्या मागच्या पायांना दोर, म्हणजे आगाडी पिछाडी लावून, एकटा बांधून, आणि तो रोज थोडं थोडं शिकत जाणार की माणसाला चावलं की माणूस मागं सरकतो. लवकर केलं तर खुजा राहतो असंही म्हणतात, ते उलटं आहे, लवकर अख्ता केलेल्याच्या हाडांची वाढ जरा उशिरा थांबते त्यामुळे उंची झालीच तर थोडी जास्त होते. मान मात्र अंडीलसारखी जाड भरत नाही हे खरं.

---

आमच्याकडे खान्देशात शिंगराला सर्रास बछेरा म्हणतात, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोडेबाजार भरतो तिथे राजस्थान, गुजरात, यूपीचे व्यापारी येतात त्यांच्या बोलण्यातून आलेला असणार. दात न आलेला तो अदंत, बाकी दोन दात, चार दात. अख्ता शब्द मात्र जुन्या लोकांच्याच तोंडी ऐकलाय. पण एक विचारायचंय, बाजारात नराला भाव अंडील म्हणूनच येतो ना, मग अख्ता कशाला करायचा? आणि आमच्या ओळखीत एकानं चार दाती घोडा अख्ता केला तरी घोडीमागे लागणं थांबलं नाही, मग उपयोग काय झाला?

---

भावाचं म्हणाल तर ज्याची आई, बाप, पाय, चाल सगळं पारखलेलं आहे, ज्याच्यावर लोक लांबून घोडी घेऊन येतील, तो अंडील ठेवावा, आणि ज्याच्याकडे वेगळा पक्का ठाण, दणकट कुंपण आणि घोडा हाताळणारा माणूस आहे त्यानं ठेवावा. बाकीच्यांनी हौसेसाठी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात घोड्याचेच हाल होतात, आयुष्यभर एकटं बांधून राहायचं. अख्ता घोडा चार घोड्यांत मोकळा सोडता येतो, लग्नाच्या वरातीत उभा राहतो, पोरं बसवता येतात.

चार दाती घोड्याचं दोन कारणांनी होऊ शकतं. अख्ता केल्यावर रक्तातला हार्मोन काही दिवसांतच उतरतो पण सवय उतरायला आठवडे, कधी महिने जातात, आणि दहातले दोन-तीन घोडे थोडंफार अंडीलसारखं वागतच राहतात, लहानपणी केलेलेसुद्धा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, एक वृषण पोटात किंवा जांघेत वर अडकलेलं असेल आणि खालचं एकच काढून दिलं असेल तर घोडा बाहेरून अख्ता दिसतो आणि आतून अंडीलच असतो. म्हणून आधी दोन्ही उतरलीत का हे डॉक्टरांनी हातानं चाचपून बघायचं. एकच लागलं तर ते काढून मोकळं व्हायचं नाही, दोन्ही एकदम काढण्याची सोय जिथे आहे अशा मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

दादा, तुमच्या शिंगराची दोन्ही उतरली असतील तर याच थंडीत करून घ्या. पावसाळ्यात माशा आणि चिखल, जखम उघडी ठेवायची असते, निचरा व्हावा म्हणून टाके घालत नाहीत बऱ्याचदा, मग माशी बसली की अळ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी झालेलं हवंच हवं, घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर क्वचितच असेल. गुंगी देऊन उभ्यानं करतात किंवा भूल देऊन आडवं पाडून, ते डॉक्टरांना ठरवू द्या, पण भूल न देता दोरखंडानं पाडून करणारा कुणी स्वस्तात मिळाला तर त्याला दारातच उभं करू नका. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठीच्या 2023 च्या नियमांप्रमाणेही हे काम नोंदणीकृत पशुवैद्यानं भूल आणि वेदनाशामक देऊनच करायचंय.

पहिला दिवस शांत ठाणावर. दुसऱ्या दिवसापासून रोज चालवायचा, इथेच लोक माया करतात आणि बांधून ठेवतात, मग पिशवी सुजून नारळाएवढी होते. थेंब थेंब रक्त पहिल्या दिवशी चालतं, धार लागली आणि पाव तासात थांबली नाही तर लगेच फोन. आतड्यासारखं काही लोंबताना दिसलं तर स्वच्छ ओल्या पंचानं खालून आधार द्या, घोडा हलवू नका, डॉक्टर येईपर्यंत कुणीतरी धरून उभं राहायचं.

---

खूप आभार, आईला फार लॅपचं वाचून दाखवलं. दोन्ही उतरलीत असं डॉक्टर म्हणालेत. चावण्याचं अख्ता केल्यावर थांबेल का? आणि घोडीजवळ कधी सोडायचा?

---

चावणं सगळं हार्मोनचं नसतं, या वयात नर शिंगरं एकमेकांना चावत, पुढचे पाय वर टाकत खेळतातच, एकटं असलं की तो खेळ माणसाशी होतो. अख्ता केल्यानं सोपं जाईल पण शिकवावं लागेलच, हातातून खाऊ देणं बंद करा, आणि जमलं तर एखादा वयस्कर अख्ता घोडा सोबतीला ठेवा, तो दोन दिवसांत असं वळण लावतो जे आपल्याला महिन्यात जमत नाही. घोडीपासून मात्र किमान महिनाभर लांबच ठेवा, नळ्यांत आधीचं बीज राहिलेलं असतं आणि तेवढ्यात घोडी गाभण राहू शकते. आणि डॉक्टरांकडून तारखेसकट दाखला घ्या, दोन्ही वृषण काढली असं त्यावर स्पष्ट लिहून मागा, नुसतं खच्चीकरण केले असं नको, पुढे घोडा दुसऱ्याकडे गेला आणि घोडीमागे लागला तर त्या माणसाला तोच एक कागद बघायला मिळणार आहे.