टोन जनरेटरवर तबला काळी १ ला कसा लावायचा?

खानापूरकर: भजनाची पेटी दुरुस्तीला बेळगावला गेल्या. सप्ताहाआधी तबला काळी १ ला (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) लावायचा आहे. टोन जनरेटर ॲपमध्ये (हवा तो स्वर सतत वाजवणारं) २७७ हर्ट्झ टाकलं, पण फोनमधून आवाज अगदी दबका येतो.

ठेका: आकडा बरोबर आहे (A स्वर ४४० हर्ट्झ धरला तर २७७.१८). ॲपमध्ये आवाजाचा तरंग बदला: साइन (साधा, उपस्वर नसलेला) सोडा, सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखा) निवडा. फोनच्या स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत. सॉटूथमध्ये ५५४, ८३२ हे उपस्वरही असतात. ते नीट वाजतात आणि कान मूळ स्वर धरतो. आवाज अर्ध्यावर ठेवा, पूर्ण केला की स्पीकर चिरकतो.

मग चाटीवर (पुडीच्या, म्हणजे वरच्या कातड्याच्या, कडेच्या पट्टीवर) ‘ना’ वाजवत सोळाही घरं (कडेला वादी ओवलेल्या जागा) ऐका. फरक मोठा असेल तर आधी गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोका, बारीक असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेची कातडी वेणी) हातोडी: वरून मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो. एका घरानंतर समोरचं घर घ्या, ओळीनं गेलात तर पुडी एका बाजूला ताणते. टोन सतत चालू ठेवू नका अण्णा, कान सरावतो आणि फरक कळेना होतो. दोन सेकंद ऐका, बंद करा, ठोका.

निपाणी_पेटी: पेटी परत आली की पुन्हा जुळवा. जुन्या पेट्या ४४० वर असतीलच असं नाही. ट्यूनर ॲपनं तिची काळी १ मोजा, २७४ आली तर जनरेटरला २७४ च द्या. पेटी काही तबल्यासाठी बदलणार नाही! आणि खानापुरात पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, शेवटचं लावणं मंडपातच करा.